क्षयाचे नवे विज्ञान कोणाच्या मालकीचे?

परळ, लालबाग, शिवडी, नायगाव या भागात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या कार्यकर्त्याला क्षयरोगाची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. सभासद-नोंदणीसाठी चाळीचे जिने चढताना, वर्गणीसाठी दारोदार फिरताना ती त्याला आपोआप होत असते. गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळी कापसाच्या धुळीत पाळी भरून आलेला कामगार एकखणी खोलीत आणखी सहा-सात माणसांबरोबर झोपत असे, आणि त्यांपैकी एकाला खोकला लागला की तो खोकला साऱ्या खोलीचा होत असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. परंतु शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाची गरज काही संपली नाही. जगातील दर चार क्षयरोग्यांपैकी सुमारे एक आजही भारतात आहे. २०२५ पर्यंत देशातून क्षयाचे निर्मूलन करण्याची घोषणा केंद्र सरकारने २०१८ मध्ये मोठ्या समारंभाने केली होती. ते वर्ष आले आणि गेले, क्षय राहिला.

मात्र याच काळात या रोगाच्या शास्त्रात अक्षरशः क्रांती झाली आहे. या क्रांतीची वार्ता आपल्या कार्यकर्त्यांपर्यंत फारशी पोचलेली नाही, आणि जी पोचते ती एखाद्या कंपनीच्या जाहिरातीच्या रूपाने. म्हणून या विज्ञानाने काय साधले, ते कोणाच्या पैशाने व कोणाच्या कष्टाने साधले आणि त्याची फळे कोणाच्या कुलपात आहेत, हा हिशेब एकदा नीट मांडला पाहिजे.

रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ निदानाचे मुख्य साधन एकच होते : रुग्णाचा बेडका काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. यात जंतू आहे की नाही एवढे कळे; तो कोणत्या औषधाला दाद देईल हे कळत नसे. ते कळण्यासाठी जंतू प्रयोगशाळेत वाढवावा लागे. क्षयाचा जंतू आळशी. तो सुमारे वीस तासांत एकदा दुभंगतो. त्यामुळे उत्तर यायला कित्येक आठवडे लागत आणि तोवर रुग्ण चुकीची औषधे घेत, घरच्यांना व शेजाऱ्यांना रोग देत राहत असे.

१९९८ मध्ये या जंतूची संपूर्ण जनुकीय संहिता वाचून प्रसिद्ध झाली. सुमारे ४४ लाख अक्षरे आणि जवळपास चार हजार जनुके. रिफॅम्पिसिन हे क्षयावरील सर्वांत महत्त्वाचे औषध जंतूच्या ज्या प्रथिनावर आघात करते, त्या प्रथिनाचे जनुक आरपीओबी या नावाने ओळखले जाते. या जनुकातील अवघ्या ८१ अक्षरांच्या टापूत एखादे अक्षर बदलले की औषध निरुपयोगी ठरते, आणि रिफॅम्पिसिनला न जुमानणाऱ्या बहुतेक साऱ्या जंतूंमध्ये बदल याच टापूत सापडतो. तेवढाच भाग वाचणारे जीनएक्सपर्ट नावाचे यंत्र तयार झाले आणि डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. जे उत्तर आठवड्यांनी येत असे ते दोन तासांच्या आत येऊ लागले. पुढे गोव्यातील वेर्णे येथे तयार झालेले ट्रूनॅट हे विजेरीवर चालणारे छोटे यंत्र आले. २०२० मध्ये त्यालाही तीच मान्यता मिळाली. हे खरे विज्ञान आहे आणि त्याचे स्वागत करताना आपण हात आखडता घेण्याचे कारण नाही.

परंतु या विज्ञानानेच जे उघडे केले आहे, त्याचा सामाजिक अर्थ लावणे हे आपले काम आहे. रुग्णाच्या फुप्फुसात कोट्यवधी जंतू असतात. त्यांपैकी काही थोड्यांत औषधाला न जुमानणारा बदल आपोआप झालेला असतो. औषधे योग्य, एकत्र आणि पुरेसा काळ दिली तर हे थोडे जंतूही मरतात. एकच औषध दिले, अपुरे दिले किंवा मध्येच बंद पडले, तर बाकीचे मरतात आणि हेच नेमके वाचून वाढतात. जनुकातील अक्षर बदलते ते निसर्गनियमाने. पण ते अक्षर बदललेला जंतू शहरभर पसरतो तो आरोग्यव्यवस्थेच्या बेबंदशाहीमुळे. धारावीतील खासगी डॉक्टर क्षयावर काय लिहून देतात याची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. १०६ डॉक्टरांनी ६३ वेगवेगळ्या औषधयोजना लिहून दिल्या आणि त्यांतील अवघ्या सहा डॉक्टरांची योजना बरोबर होती. सरकारी दवाखान्याच्या रांगेत रोजगार बुडतो म्हणून कामगार कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जातो. तेथे पैसे संपेपर्यंत औषध घेतो. पैसे संपले की थांबतो. जंतूला याहून सोयीची व्यवस्था कोणती?

तेव्हा माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या आरंभी, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारे चार रुग्ण आढळल्याचे जाहीर केले, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते. आश्चर्य वाटावे ते सरकारच्या प्रतिक्रियेचे. रोगापेक्षा रोगाला दिलेल्या नावावरच अधिक वाद झाला. तरीही या धक्क्याने एक गोष्ट घडली : त्याच वर्षी मे महिन्यात क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले.

अशा रुग्णांना द्यायचे तरी काय? तोवरचा उपचार दीड-दोन वर्षे चाले. त्यात कॅनामायसिनसारखी इंजेक्शने महिनोन्‌महिने टोचावी लागत आणि ती अनेकांची श्रवणशक्ती कायमची हिरावून घेत. २००५ मध्ये बेडाक्विलीन या नव्या रेणूची माहिती प्रसिद्ध झाली. जंतूच्या पेशीत ऊर्जा निर्माण करणारे जे चाक असते, ते चाकच हा रेणू अडवतो. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. चाळीसहून अधिक वर्षांनंतर क्षयावर मिळालेले हे पहिलेच सर्वस्वी नव्या जातीचे औषध. भारतात ते २०१६ मध्ये आले तेही देशभरातील केवळ सहा केंद्रांत. पाटण्याहून आलेल्या एका अठरा वर्षांच्या मुलीला, ती दिल्लीची रहिवासी नाही या सबबीवर ते मिळेना, म्हणून तिच्या वडिलांना २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. न्यायालयातून औषध मिळाले, पण फार उशिरा. पुढच्या वर्षी ती मुलगी दगावली. औषध अस्तित्वात होते. ते बनविण्याचे शास्त्र कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. मधे उभी होती ती मालकी.

या मालकीचे समर्थन नेहमी एकाच युक्तिवादाने होते : कंपनीने संशोधनावर अफाट पैसा ओतला आहे, तो तिला परत मिळाला नाही तर उद्या नवे औषध कोण शोधेल? युक्तिवाद ऐकायला रास्त वाटतो, म्हणून त्याची आकड्यांनी तपासणी केली पाहिजे. ती २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झाली आहे. बेडाक्विलीनवर जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने केलेला खर्च ९ कोटी ते २४ कोटी डॉलर. आणि अनेक देशांच्या सरकारांनी व लोकोपयोगी संस्थांनी चाचण्या, अनुदाने, करसवलती या मार्गांनी उचललेला भार सुमारे साडेपंचेचाळीस कोटी ते पाऊणशे कोटी डॉलर. खर्चाचा मोठा वाटा जनतेचा आणि मालकी एका कंपनीची! यात ज्या रुग्णांनी आपले शरीर चाचण्यांसाठी दिले त्यांची किंमत धरलेलीच नाही. औषधाला न जुमानणारा जंतू वाचायला शिकविणारे जनुकीय संशोधनही असेच उभे राहिले आहे. जगभरातून गोळा केलेल्या हजारो नमुन्यांची जनुके वाचून कोणता बदल कोणत्या औषधाला निकामी करतो याची जी सूची तयार झाली, त्या कामात मुंबईच्या प्रयोगशाळांचाही सहभाग होता. म्हणजे मुंबईच्या चाळीतल्या व झोपडीतल्या माणसाचा बेडका जगाच्या ज्ञानात जमा झाला आहे. त्या ज्ञानावर त्याचा काहीच हक्क नसावा काय?

मुख्य पेटंटची मुदत जुलै २०२३ मध्ये संपत होती. कंपनीने त्याच औषधाच्या एका क्षारावर आणखी एक पेटंट मागितले. ते मिळते तर मक्ता आणखी चार वर्षे वाढला असता. याला २०१९ मध्ये हरकत घेतली ती कोणा बड्या कंपनीने नव्हे, तर क्षयातून उठलेल्या दोन तरुणींनी : मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघींनीही क्षयाच्या इंजेक्शनांपायी आपली श्रवणशक्ती गमावली होती. २३ मार्च २०२३ रोजी, म्हणजे जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जागतिक खरेदी-यंत्रणेमार्फत मिळणाऱ्या या औषधाची किंमत निम्म्याहून खाली येऊन सहा महिन्यांच्या उपचाराला १३० डॉलर झाली. मक्ता सुटण्याची वेळ आली तेव्हाच किंमत उतरली. कंपनीच्या मनात दया उपजली म्हणून नव्हे.

हा विजय दोघा रुग्णांच्या धैर्याचा आहे, तसाच तो एका राजकीय लढ्याचाही आहे, हे विसरता कामा नये. औषधाच्या वस्तूवर नव्हे, फक्त कृतीवर पेटंट देणारा १९७० चा कायदा देशाने केला नसता, तर आज जगाला स्वस्त औषधे पुरविणारा भारतीय औषधउद्योग उभा राहिला नसता. जागतिक व्यापार कराराच्या दडपणाखाली २००५ मध्ये तो कायदा बदलावा लागला, तेव्हा संसदेतील डाव्या पक्षांच्या आग्रहाने व लोकचळवळींच्या रेट्याने त्यात काही संरक्षक तरतुदी राहिल्या. जुन्याच औषधाला नवे रूप देऊन नवा मक्ता मागता येणार नाही, असे सांगणारे कलम ३(ड) त्यांपैकीच. म्हणजे २००५ मध्ये संसदेत मांडलेली एक ओळ २०२३ मध्ये शिवडीच्या रुग्णाच्या उपयोगी पडली. कायद्याच्या कलमांवरचे झगडे रूक्ष वाटतात, म्हणून आपले कार्यकर्ते त्यांच्याकडे पाठ फिरवतात. हे बदलले पाहिजे.

ज्ञान जनतेचे आणि उत्पादनही जनतेचे, ही कल्पना परळला तरी नवी नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगचा उद्रेक झाला. वाल्डेमार हाफकिन याने तीन-चार महिन्यांत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. तिलाच १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. त्या काळचे परकीय सरकार लोकाभिमुख होते असे कोणी म्हणणार नाही. प्लेगच्या निमित्ताने त्याने घराघरांत शिरून केलेले जुलूम महाराष्ट्र विसरलेला नाही. परंतु लस मात्र सरकारी प्रयोगशाळेत बनत होती आणि कोणाच्या नफ्याची वाट न पाहता ती लाखोंना पोचत होती. १९३२ पासून १९४९ पर्यंत या संस्थेची धुरा कर्नल साहिबसिंग सोखी यांच्याकडे होती. राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे ते अध्यक्ष होते, आणि देशाला लागणारी औषधे देशातच, सार्वजनिक मालकीच्या कारखान्यांत बनली पाहिजेत असा त्यांचा ठाम आग्रह होता. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती याच विचाराच्या वातावरणात.

आज या वारशाचे काय झाले आहे? पिंपरीचा कारखाना वर्षानुवर्षे आजारी उद्योगांच्या यादीत पडला. १९७५ मध्ये हाफकिनच्या उत्पादन विभागाचे राज्य सरकारच्या मालकीचे महामंडळ झाले. २०२१ मध्ये कोविडची लाट मुंबईवर आदळली तेव्हा सरकारला या महामंडळाची आठवण झाली आणि त्याला कोव्हॅक्सिन लस बनविण्याची परवानगी मिळाली. संकट दारात आल्यावर सार्वजनिक कारखान्याची आठवण होते; पण यंत्रे, माणसे आणि निधी ही शिदोरी संकटापूर्वी बांधायची असते. तिकडे क्षयरोग्यांचे काय झाले? २०२३ मध्ये औषधप्रतिरोधी क्षयाच्या काही औषधांचा देशभर तुटवडा पडला. आणि मार्च २०२४ मध्ये तर नेहमीच्या क्षयावरची साधी औषधेही इतकी अपुरी पडली की तीन महिन्यांपुरती ती स्थानिक पातळीवर खरेदी करा, असे केंद्राने राज्यांना कळविले. या औषधांवर कोणाचेही पेटंट नव्हते. म्हणजे पेटंट हटले की प्रश्न सुटला, असे मानणेही भोळेपणाचे आहे. खरेदीचे नियोजन, साठा आणि स्वतःची उत्पादनक्षमता हाती नसेल, तर मुक्त झालेले औषधही रुग्णाच्या हाती पडत नाही. आणि उपचारात पडलेला प्रत्येक खंड म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या जंतूला दिलेली संधी, हे वर सांगितलेच आहे.

येथे आपल्याच गोटातून येणाऱ्या एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. क्षय हा दारिद्र्याचा रोग आहे; अन्न, घर आणि वेतन यांचा प्रश्न सुटला की तो जाईल; तेव्हा जनुके आणि रेणू यांच्या मागे लागून काय साधणार, असे काही ज्येष्ठ साथी विचारतात. त्यांच्या म्हणण्यातील पहिला भाग शंभर टक्के खरा आहे, आणि आता तो प्रयोगानेही सिद्ध झाला आहे. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या कुटुंबीयांना दरमहा धान्य व डाळी पुरवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले : केवळ पुरेशा आहाराने त्या कुटुंबांतील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. मुंबईतील पुनर्वसन वसाहतींच्या पाहणीतही, इमारतींच्या खेटून बांधणीमुळे जेथे ऊन व वारा पोचत नाही अशा घरांत क्षय अधिक असल्याचे दिसून आले. शिधा आणि खिडकी ही दोन्ही औषधेच आहेत.

परंतु यावरून रेणूंचे शास्त्र श्रीमंतांसाठी सोडून द्यावे असा निष्कर्ष निघत नाही. आज ज्या बाईच्या फुप्फुसात औषधप्रतिरोधी जंतू आहे, तिला उद्याच्या समाजरचनेची वाट पाहण्यास सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बेडाक्विलीनसह चार औषधांची सहा महिन्यांची योजना मान्य केली. भारत सरकारने ती सप्टेंबर २०२४ मध्ये स्वीकारली. कान बधिर करणारी इंजेक्शने त्यात नाहीत. दीड-दोन वर्षांची रजा कोणत्याही कंत्राटी कामगाराची नोकरी ठेवत नाही; सहा महिन्यांत निदान ती वाचविण्याची आशा असते. अन्नाचा लढा आणि रेणूचा लढा एकच आहे, कारण दोन्ही ठिकाणी प्रश्न हाच की गरज मोठी की नफा.

पुढचा झगडा तर दिसूच लागला आहे. बेडाक्विलीनलाही न जुमानणारे जंतू आढळू लागले आहेत, आणि नेहमीच्या तपासणीयंत्रांना तो बदल वाचता येत नाही. त्यासाठी जनुके अधिक विस्ताराने वाचणारी साधने लागतात. मुंबईत ती सार्वजनिक प्रयोगशाळांत पुरेशी नसतील तर आपण नवे औषधही जुन्याप्रमाणे गमावून बसू. दुसरीकडे, १९२१ पासून चालत आलेल्या बीसीजीनंतर प्रथमच प्रौढांना फुप्फुसाच्या क्षयापासून वाचवू शकेल अशी आशा असलेल्या एम७२ या लसीच्या अखेरच्या टप्प्याच्या चाचण्या २०२४ मध्ये सुरू झाल्या. त्यांचा खर्च लोकोपयोगी प्रतिष्ठाने करीत आहेत, परंतु तिच्यातील एक कळीचा घटक एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या हाती आहे. लस यशस्वी ठरली तर ती शिवडीला कोणत्या भावाने आणि किती वर्षांनी पोचेल, हा प्रश्न आजच विचारायला हवा. लस बाजारात आल्यावर तो विचारण्यात अर्थ नाही.

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. क्षयाच्या प्रत्येक औषधाचा किमान सहा महिन्यांचा साठा प्रत्येक राज्यात असलाच पाहिजे. हाफकिन महामंडळ आणि पिंपरीचा कारखाना यांना क्षयाची औषधे व लसी बनविण्यासाठी निधी व कायमची माणसे मिळाली पाहिजेत. सरकारी पैशाने झालेल्या संशोधनाला किंमत आणि परवाना यांच्या जाहीर अटी असल्या पाहिजेत. सक्तीच्या परवान्याचे हत्यार कायद्यात आहे; मार्च २०१२ मध्ये कर्करोगाच्या एका औषधासाठी ते वापरले तेव्हा महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजारांवरून आठ हजार आठशे रुपयांवर आला. त्यानंतर ते म्यानातच पडून आहे. आणि क्षयाच्या वॉर्डांत राबणाऱ्या आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांना मुखपट्ट्या, हवेशीर वॉर्ड आणि नियमित तपासणी हा हक्क म्हणून मिळाला पाहिजे.

मागण्या मांडून आपले कर्तव्य संपत नाही. आपल्या शाखेच्या टापूत दोन आठवड्यांहून अधिक खोकणाऱ्या माणसाला पालिकेच्या केंद्रात घेऊन जाणे, त्याच्या बेडक्याची जनुकीय तपासणी झाली की नाही हे पाहणे, नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा एक हजार रुपये झालेले पोषण-अनुदान त्याच्या खात्यात पडते का याची चौकशी करणे, आणि औषध संपल्याचे उत्तर मिळाले तर तारखेनिशी लेखी तक्रार करणे, ही कामे आजपासून करता येतील. अशा नोंदी चाळीचाळींतून जमा झाल्या, तर महापालिकेच्या सभागृहात आणि विधिमंडळात बोलणाऱ्या आपल्या प्रतिनिधीच्या हाती घोषणेऐवजी पुरावा असेल. पेटंट कार्यालयात दोन तरुणींनी तेच केले होते.